गाव, मुंबई आणि हातातला मोबाईल: रोजच्या बोलण्यातल्या इंटरनेटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पेपर वाचायला येणारी माणसं हल्ली मोबाईल पुढे करून प्रश्न विचारतात. कुणाचा कॉल लागत नाही, कुणाला भावकीच्या ग्रुपवर काय लिहावं ते सुचत नाही, कुणाला आलेला मेसेज खरा की खोटा ते जाणून घ्यायचं असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. अर्धं घर मुंबईत, पुण्यात नाहीतर आखातात असताना कोकणाला इंटरनेट लागणारच, त्यामुळे ते चांगलं की वाईट यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. कोणता निरोप कोणत्या वाटेने पाठवायचा, एवढं मात्र नीट ठरवावं.

इंटरनेटमुळे गाव आणि मुंबई खरंच जवळ आली का?

आली. पूर्वी चाकरमान्याची खबर पत्रातून, मनीऑर्डरीच्या खालच्या चार ओळींतून, नाहीतर एसटीने येणाऱ्या एखाद्या गाववाल्याच्या तोंडून कळायची. तार आली म्हटलं की उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा इतका स्वस्त झाला की वाडीवाडीत व्हिडिओ कॉल सुरू झाले.

पण मला यातला सगळ्यात मोठा बदल वेगळाच वाटतो. अक्षरओळख नसलेल्या बाईला नवऱ्याचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. पोस्टमन, शाळेत जाणारा पुतण्या, शेजारचे गुरुजी, जो भेटेल तो. उत्तरही त्यालाच सांगून लिहायचं. मग सासूबद्दल, पैशांबद्दल, स्वतःच्या दुखण्याबद्दल ती काय सांगणार? आज तीच बाई माइकच्या खुणेवर बोट ठेवून मागीलदारी उभी राहून मनातलं बोलते आणि ते फक्त तिच्या माणसाला ऐकू जातं. व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून अशा पद्धतीने कुलूपबंद होऊन जातात की मधल्या कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून न जाणं ही फार मोठी गोष्ट आहे. इंटरनेटने बिघडवलेल्या गोष्टींची यादी करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

रोज व्हिडिओ कॉल होतो. मग मुलाने गावी यायची गरज काय?

कॅमेरा ओटीवर बसलेल्या आईचा चेहरा दाखवतो. सुजलेले पाय, न पेटलेली चूल, गोळ्यांची रिकामी पाकिटं त्याच्या चौकटीत येत नाहीत. शिवाय ‘बरी आहे मी’ हे वाक्य आपल्याकडची प्रत्येक आई सवयीने म्हणते. रोज दिसते म्हणून ती ठीक आहे असं मुलाला मनापासून वाटत राहतं, आणि धोका इथेच आहे. म्हणून शेजारच्या एखाद्या वहिनीचा नंबर ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यांनाही फोन करा. गावाला कुणी जात असेल तर त्याला घरात डोकावून यायला सांगा.

घरात रेंज नाही, खळ्यात आल्यावर येते. काय करावं?

आपली बहुतेक गावं डोंगराच्या कुशीत किंवा खाडीच्या काठाला खोलगट जागी आहेत. मोबाईलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे मधे टेकडी आली की टॉवर जवळ असूनही उपयोग होत नाही. त्यात जांभ्याच्या जाड भिंती, आणि आता कौलांवर घातलेले पत्रे. पत्रा तर लहरी परतवूनच लावतो.

घरी फायबरची जोडणी असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करा. मग रेंज नसली तरी तुमच्याच नंबरवरून साधा फोन करता येतो आणि येतोही. वेगळं ॲप लागत नाही, समोरच्याला काही करावं लागत नाही. फायबर नसेल तर व्हिडिओचा हट्ट सोडा आणि व्हॉइस मेसेज पाठवा. तो रेंज नसतानाही रेकॉर्ड होतो आणि रेंज मिळाली की आपोआप जातो. एक टिक म्हणजे तुमच्याकडून गेला, दोन टिका म्हणजे त्यांच्या फोनवर पोहोचला. एक टिक दिसत असताना ‘मुद्दाम उत्तर देत नाही’ असा राग धरू नका.

मुलगा दुबईला आहे. मेसेज जातात, पण व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. फोन बिघडला आहे का?

नाही. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध आहेत. लिहिलेले संदेश, फोटो, व्हॉइस मेसेज चालतात, कॉल चालत नाही. तिथे बोटिमसारखी परवाना असलेली ॲप्स वापरतात. ते मुलाने तिकडे आणि तुम्ही इकडे, दोघांनीही घ्यायचं. दापोली, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतली कितीतरी घरं आखातातल्या पगारावर चालतात, म्हणून हा प्रश्न सतत येतो. व्हीपीएन (आपण कुठून नेट वापरतो ते लपवणारं ॲप) वापरून वाट काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तिथल्या कायद्यात व्हीपीएनच्या गैरवापराला जबर दंड आहे आणि नोकरी परक्या देशातली आहे.

घरात कुणी वारलं तर आधी ग्रुपवर टाकायचं की फोन करायचे?

आधी फोन. मुलगे, मुली, भाऊ, बहिणी यांना कुणीतरी स्वतःच्या आवाजात सांगितलं पाहिजे. लोकलमध्ये उभ्या असलेल्या मुलीने वडील गेल्याचं ग्रुपवर, कुणीतरी चिकटवलेल्या फुलांच्या चित्राखाली वाचावं, याइतकं क्रूर काही नाही. हे घडतं, कारण बातमी कळलेल्या पहिल्या माणसाला ती सगळ्यांच्या आधी टाकायची घाई असते. त्या पाच-दहा मिनिटांनी कुणाचंही काही अडत नाही. घरच्यांनी टाकेपर्यंत इतरांनी थांबावं, हा नियम प्रत्येक वाडीच्या ग्रुपने करावा.

जवळच्यांना कळल्यावर मात्र ग्रुपसारखं साधन नाही. मुंबईहून कोण निघालं, कुणाच्या गाडीत जागा आहे, तिरडी किती वाजता उचलायची, त्यांच्यासाठी थांबायचं की नाही, हे पूर्वी एका फोनवर अडून राहायचं. आता संदेशात पाच गोष्टी लिहा: कोण गेलं, कधी गेलं, अंत्यविधी कुठे आणि किती वाजता, घरच्यांना त्रास न देता चौकशी करायला कुणाचा नंबर. त्यानंतर ॲडमिनने ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे सेटिंग लावावं. नाहीतर शंभर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ खाली येतात आणि निघालेल्या माणसाला वेळ शोधत वर वर सरकवत बसावं लागतं. श्रद्धांजली दुसऱ्या दिवशीही वाहता येते.

पार्थिवाचा फोटो टाकू नये. आखातात किंवा बोटीवर असलेल्या मुलाला अंत्यदर्शन व्हिडिओवर दाखवायचं असेल तर जरूर दाखवा. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांना तेवढाच आधार होता. पण तो कॉल त्या एका मुलापुरता, घरच्यांना विचारून.

भावकीच्या ग्रुपवर नेहमी भांडणं का होतात?

कारण बैठकीत जे आवाज, चेहरा आणि वय सांभाळून घेतात, ते ग्रुपवर नसतं. माजघरात तात्या तिरसट बोलले तरी त्यांच्या डोळ्यांत ओलावा दिसतो, आणि काकू मधेच चहा आणून विषय मोडतात. ग्रुपवर ‘बघून घेऊ’ हे दोन शब्द रात्री अकराला येतात, आणि ते धमकी म्हणून वाचायचे की ‘पुढे बघू’ म्हणून, हे वाचणाऱ्याच्या मनःस्थितीवर ठरतं. त्यावर चाळीस माणसं साक्षीला बसलेली. चारचौघांत कुणालाच माघार घेववत नाही.

आपल्याकडे याला जमिनीची जोड आहे. सातबाऱ्यावर आजोबांपासूनची वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं एकमेकांना नीट ओळखतही नाहीत. माहिती पोहोचवायला ग्रुप उत्तम: सातबाऱ्याचा उतारा टाका, मोजणीची तारीख टाका, खर्चाचा हिशेब टाका. वाद सुरू झाला की तिथेच थांबा आणि ज्याच्याशी मतभेद आहे त्याला फोन करा. बाकीच्यांसाठी ‘आम्ही बोलून घेतो’ एवढं लिहा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा: ग्रुपवर अंगठ्याची खूण दिली म्हणजे हक्क सुटत नाही. स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानेच ते सक्तीचं आहे. याची दुसरी बाजूही आहे. ग्रुपवर लिहिलेलं वाऱ्यावर जात नाही. योग्य प्रमाणपत्र जोडलं तर इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात पुरावा म्हणून चालते. तेव्हा रागाच्या भरात कुणाला चोर म्हणण्याआधी थांबलेलं बरं.

गावकीचे निर्णय ग्रुपवर घेतले तर मुंबईकरांनाही भाग घेता येईल ना?

भाग घ्यायला हरकत नाही. पालखीचा मार्ग, देवळाची वर्गणी, शिमग्याची तारीख यावर मुंबई मंडळाचं मत आधी ग्रुपवर मागवलं तर बैठक सोपी जाते. पण ग्रामपंचायतीचे निर्णय पंचायतीच्या सभेत आणि ग्रामसभेतच होतात, आणि वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पाण्याची लाईन कुठून न्यायची हे ग्रुपवर ‘बहुमताने’ ठरवलं तर त्याला कायद्याने काही किंमत नाही. शिवाय जी बाई रोज दीड फर्लांग चढून पाणी आणते ती त्या ग्रुपमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त.

वादळात नेट बंद पडलं तर?

पडणारच, असं धरूनच तयारी करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाने. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले, आणि अनेक गावांत कितीतरी दिवस मुंबईच्या माणसाला आपलं घर उभं आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणचा महापूर. वाशिष्ठीचं पाणी चढत असताना वीजही गेली आणि मोबाईलही.

टॉवरला वीज लागते. ती गेली की बॅटरी, मग डिझेलचा जनरेटर. रस्ता बंद झाला की डिझेल पोहोचत नाही आणि टॉवर थांबतो. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी हे साधन सगळ्यात कच्चं. त्यामुळे पावसाळ्याआधी मे महिन्यातच काही गोष्टी करून ठेवा.

महत्त्वाचे नंबर वहीत लिहा, कारण बंद फोनमधला नंबर कुणालाही दिसत नाही. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असू द्या. रेडिओ आणि त्याचे सेल ठेवा. तो एका बाजूनेच बोलतो, पण गावचा टॉवर पडला तरी त्याचं काही अडत नाही. मुंबईतल्या एका नातेवाइकाला ‘मधला माणूस’ ठरवा. गावात ज्याला कुणाला रेंज मिळेल त्याने फक्त त्याला सांगायचं, आणि बाकी सगळ्यांनी त्याच्याकडे चौकशी करायची. एकाच वाडीत तीस जणांनी तीस फोन लावायचा प्रयत्न केला तर एकही लागत नाही.

रेंज अगदी कमी असेल तर साधा एसएमएस पाठवा. कॉल आणि नेट दोन्ही चालत नसताना तो कधी कधी निसटून जातो. ‘सगळे सुखरूप, शाळेत आहोत’ एवढं पुरे. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप घ्या. संकटात ११२ नंबर लावा, समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

समुद्रावर जाणाऱ्यांना याचा फायदा होतो का?

निघण्याआधी भरपूर. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाने समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे ते कळवते, लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज देते. ते मराठीतही मिळतं. भावासाठीही उपयोग आहे. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल पोहोचला, तेव्हा काय झालं त्याचा रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला. कुठल्या बंदरात गिऱ्हाईक आहे हे नावेवरूनच विचारता आल्यामुळे मासळी फेकून द्यायची वेळ जवळपास संपली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्यालाही ती सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. इंटरनेट नसताना, नुसत्या बोलण्याने एवढं झालं. हर्णे बंदरावरच्या लिलावात उभं राहिलं की याचा अर्थ लगेच कळतो.

पण किनाऱ्यापासून दूर गेलं की रेंज संपते. पुढे नावेवरचा व्हीएचएफ वायरलेसच (रेडिओवरून बोलायचा संच) कामाला येतो. मोबाईल आहे म्हणून वायरलेस दुरुस्त न करता नाव लोटणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे.

ग्रुपवर आलेला मेसेज खरा की खोटा कसा ओळखायचा? आणि ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो का?

वर दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर तो लिहिणारा तुमच्या ओळखीचा नाही, पाठवणारा फक्त ओळखीचा आहे. हा फरक फार मोठा आहे. गावच्या दादाने पाठवला म्हणून आपण विश्वास ठेवतो, पण दादाने तो वाचून पाहिलेला असतोच असं नाही. तारीख, जागा आणि सरकारी खात्याचं नाव नसलेला इशारा पुढे पाठवू नका. तहसील कार्यालयाला किंवा पोलीस ठाण्याला एक फोन करा.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. त्या दिवसांत तशा अफवा मोबाईलवरून सगळीकडे फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. आपल्या गावात कपडे विकणारे, कल्हईवाले, मधवाले परमुलखातून येतात. त्यांचा फोटो काढून ‘सावध राहा’ म्हणून टाकणं बंद झालं पाहिजे. शंका आली तर पोलीस पाटलांना सांगा.

दुसरीकडे, मत मांडायलाही घाबरू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका साध्या मतावरून दोन तरुण मुलींना अटक झाली होती. देशभर त्यावर संताप झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २४ मार्च २०१५ ला ऑनलाइन मजकुरावरून अशी अटक करायला वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम रद्द झालं. ॲडमिनबद्दल सांगायचं तर, सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं एवढ्यावरून ॲडमिन दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तो स्वतः सामील असेल तर गोष्ट वेगळी.

आंबा ऑनलाइन विकतो. गिऱ्हाईक ‘पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा’ म्हणतं. करावं का?

मुळीच नाही. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ‘मी सैन्यात आहे, वीस पेट्या हव्यात’ असं सांगून मोठी ऑर्डर देणारा आणि भावात अजिबात घासाघीस न करणारा माणूस दिसला की सावध व्हा.

एरवी आंब्यासाठी इंटरनेट हे बागायतदाराच्या फायद्याचंच आहे. वाशीच्या दलालाकडे पेटी गेली की भाव त्याच्या हातात. पुण्यातलं कुटुंब दर वर्षी थेट तुमच्याकडून घेऊ लागलं की भाव तुम्ही ठरवता. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची कायदेशीर ओळख, मिळालं आहे. त्याची नोंदणी करून घ्या आणि ते गिऱ्हाइकाला दाखवा. बागेचे फोटो खरे टाका, डागी फळ निघालं तर बदलून द्या.

लग्नपत्रिका आली, पण उघडत नाही. ‘इन्स्टॉल करा’ म्हणते.

ती पत्रिका नाही. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे. ते तुमचे एसएमएस वाचून बँकेचा ओटीपी चोरू शकतं. खरी पत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते. तसंच व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाही. एकट्या राहणाऱ्या निवृत्त माणसांना हे लोक गाठतात आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणून बजावतात. नेमकं तेव्हाच कुणाला तरी सांगा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० ला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेल्यांचे पैसे बहुधा गेलेले असतात.

गणपती झाले, घर बंद करून निघालो, असा फोटो टाकला तर काय बिघडतं?

बंद घराचा पत्ता चोराला मिळतो. मुंबईला पोहोचल्यावर फोटो टाका, आणि कुलपाचा नकोच.

मुलांना व्हॉट्सॲप कधी द्यावं?

कंपनीच्याच नियमाप्रमाणे तेरा वर्षांच्या आत नाही. आजी-आजोबांशी बोलायला मात्र आईचा फोन हवा तेवढा द्या. गावची भाषा मुलाच्या कानावर पडायची ती एवढीच वाट अनेक घरांत उरली आहे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काय?

हा प्रश्न फारच कमी जण विचारतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्रुपवर टाकलं म्हणजे गावाला कळलं, असं आता सगळेच धरून चालतात. पाणी कधी येणार, रेशन कधी, डॉक्टरांचं शिबिर कुठे, हे ज्याला कळत नाही तो बहुधा सगळ्यात म्हातारा, सगळ्यात गरीब किंवा एकटा असतो. तक्रार करायलाही त्याच्याकडे ग्रुप नाही.

प्रत्येक वाडीने स्मार्टफोन नसलेल्या घरांची यादी करावी आणि प्रत्येक घर जवळच्या एकाला नेमून द्यावं. सूचना आली की त्याने जाऊन सांगायचं, आणि सांगून झाल्यावर ग्रुपवर तसं लिहायचं. पंचायतीचा फळा आणि देवळातला फळा पुसून टाकू नका, त्यावर रोज लिहा. यादी मे महिन्यात एकदा आणि गणपतीनंतर एकदा तपासावी, कारण तेव्हा माणसं मुंबईला जातात-येतात आणि कोण गावात मागे उरलंय ते बदलतं.